मार्सेलेचं नाक

फेरी सुटते तेव्हा मागे क्लाइपेदाच्या क्रेन, पुढे वाळू.
बसमध्ये आम्ही तिघंच: ड्रायव्हर, मी
आणि मांडीवरचा तपकिरी लोकरी स्कार्फ.
दोनदा धुतला, तरी धुरावलेल्या माशाचा वास
एका कोपऱ्यात दबा धरून आहे.

टेकडीची वाट पाइनच्या सुयांवरून चढते.
पावलं वाजत नाहीत, म्हणून की काय
इथले सगळे बेसावध सापडतात:
पत्ते पिसणारा सैतान,
ओकच्या खोडातून अर्धाच बाहेर आलेला अजगर,
कोळ्याची पोर, जिच्या जाळ्यात मासळीऐवजी चंद्र.
सैतानाची मांडी मुलांनी बसून बसून
चर्चच्या बाकासारखी गुळगुळीत केलीय.

माझी आजी पुढच्या वळणावर असते.

म्हणजे चेटकीण.
कोरणारे त्या उन्हाळ्यात शिबिराला आले
तेव्हा खानावळ आजीची होती.
सार पातळ, हिशोब चोख.
एकाची उधारी तिने भर पंगतीत काढली,
त्याने छिन्नीने उत्तर दिलं.
आठवड्याभरात सगळं गाव टेकडी चढून हसून आलं:
तोच बाक, डाव्या नाकपुडीवर तीच चामखीळ.

जन्मभर नाकासमोर चाललेली बाई,
आणि तिचं नाक असं चव्हाट्यावर.
अकरा वर्षं ती इकडे फिरकली नाही.
बाराव्या वर्षी, ऑक्टोबरात, कुणी न सांगता गेली
आणि चेटकिणीच्या गळ्याभोवती स्कार्फ गुंडाळून आली.
"सर्दीही माझीच असणार तिला," एवढंच म्हणाली.
मग दर वर्षी. ऑक्टोबरात बांधायचा, मे महिन्यात सोडायचा.

यंदा ऑक्टोबर आला, आजी नाही.

आणि नाकही नाही.
आतून बुरशीने खाल्लं, म्हणतो गिन्ताउतस,
शिडीवर बसलेला, कोपरापर्यंत जवसाच्या तेलाने माखलेला.
त्याने नवं बसवलंय: सरळ, नाजूक,
साबणाच्या जाहिरातीतलं.
चेटकीण बिचारी कुणाचीच राहिली नाही.
"जुना फोटो मिळाला होता," तो म्हणतो,
"पण समोरून. समोरून नाक कळत नाही हो."

वर वठलेल्या फांद्यांवर पाणकावळे भांडतायत.
एका बाजूला खाजण, दुसऱ्या बाजूला समुद्र,
मध्ये ही पट्टीभर वाळू.
लाकूड किती टिकणार इथे.

शाळेत या नाकाने मला नाकी नऊ आणले.
सोळाव्या वर्षी मी पैसे साठवत होते, डॉक्टरसाठी.
आजीला डबा सापडला. ती काही बोलली नाही.
फक्त त्या रात्री माझ्या ताटात
माशाचा मोठा तुकडा पडला.

मी स्कार्फ बांधला. गाठ नीट बसेना.
मग टोपी काढली, केस कानामागे सारले,
आणि खाजणाकडे तोंड करून
उभी राहिले, त्याच्याकडे एक बाजू देऊन.

शिडी करकरली. बराच वेळ काही नाही.
मग कागदावर पेन्सिल.
"हलू नका," गिन्ताउतस म्हणाला.

मला शिंक येत होती.