एक ए जास्त

लिथुआनिया. सुलभा म्हणाली,
हे तर पित्तावरच्या गोळीचं नाव वाटतं.
तिथे आमची मृण्मयी. विल्नियसला,
चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही.
"या ना पंधरा दिवस," म्हणाली,
आणि मग बराच वेळ फोनमध्ये
नुसता तिचा कुकर वाजत राहिला.

म्हणून मी, दत्तात्रय टिपणीस,
निवृत्त वरिष्ठ लिपिक, मालमत्ता कर, ठाणे,
गोखले रोडवर फोटो काढायला बसलो.
पस्तीस बाय पंचेचाळीस, मागे पांढरं,
दोन्ही कान दिसले पाहिजेत.
"काका, दात नको. हसलेलं चालत नाही."
म्हटलं, सवय आहे.
बत्तीस वर्षं काउंटरवर होतो.

विमा तीस हजार युरोचा.
तिकडे मेलो तर देह परत पाठवायचा खर्च त्यात धरलेला.
सुलभाने ते कलम दोनदा वाचलं, चष्मा पुसला,
म्हणाली, बरं आहे की,
म्हणजे कसंही करून परत येणार.

राहायचं ते नव्वद दिवस, कुठल्याही एकशे ऐंशीत.
नियम समजावा म्हणून कॅलेंडरवर बोट ठेवून
मी मागे मागे मोजत गेलो.
मृण्मयी इथे होती:
गेल्या एकशे ऐंशीत शून्य,
त्याआधीच्यात नऊ,
त्यातले दोन तिच्या सासरी पुण्याला.

*परत याल याचा पुरावा जोडा.*
घराचे कागद जोडले, पेन्शनचा आदेश, परतीचं तिकीट.
तरी फाईल हलकीच लागत होती हाताला.
आणखी काय होतं माझ्यापाशी?
मासुंद्याला पहाटेच्या तीन फेऱ्या.
सोसायटीचं खजिनदारपद, जे कुणी घेत नाही.
आणि खालच्या मजल्यावरच्या खोरशेदबाई,
ज्यांना रोज सकाळी साडेसातला
इन्सुलिनची सुई मी टोचतो.
यावर शिक्का कोण मारणार?

केंद्रातली मुलगी बावीसेक वर्षांची, नखं निळी.
"सर, पासपोर्टवर नावाच्या शेवटी ए आहे,
बँकेत नाहीये.
प्रतिज्ञापत्र लागेल. उद्या या."

उद्या या.
खालच्या पट्टीत, मान वर न करता,
पुढच्या माणसाकडे हात करत.
माझाच आवाज होता तो.

कोळशेतचे बळीराम गोवारी.
बापाच्या नावावरचं घर आपल्या नावावर करायचं होतं.
मृत्यूच्या दाखल्यावर गोवारी, आमच्या रजिस्टरात गवारी.
चार खेपा घातल्या त्यांनी माझ्याकडे.
चौथ्या खेपेला टेबलावर वालाच्या शेंगांची पिशवी ठेवली,
"तसं काही नाही साहेब, परसातल्या आहेत."
पिशवीही परत केली मी.
त्या संध्याकाळी घरी येऊन
सुलभाला ते अभिमानाने सांगितलेलं आठवतं.
पाचव्या खेपेला त्यांचा मुलगा आला.
त्याच्या हातात दोन दाखले होते.

त्या दिवशी काम लगेच केलं.
तो "थँक्यू साहेब" म्हणाला.

कोर्ट नाक्यावर झाडाखालच्या टायपिस्टने
मुद्रांकावर टाईप केलं:
अमुक नावाची आणि तमुक नावाची
व्यक्ती एकच आहे.
मराठीत लिहिलं असतं
तर वाक्याला काही अर्थच उरला नसता.
"एकच ना काका, नक्की?" त्याने विचारलं,
सही कुठे करायची ते दाखवत.
मी पेन हातात धरून होतो.
मागे दोघं तिघं खोळंबले होते.

आता रोज सकाळी सुई टोचून झाली
की खोरशेदबाईंना संत्र्यावर शिकवतो.
सिरिंजमध्ये साधं पाणी. त्यांचा हात थरथरतो,
अंगठा दांड्यावरून घसरतो.
"परत क्यारे येणार?" विचारतात.
तारीख सांगतो. तिकीट दाखवू का, म्हणतो.
"ते नको मला," म्हणतात,
आणि तेच संत्रं सोलून
अर्धं माझ्या हातावर ठेवतात.