एक मिनिट

सदरमधल्या आमच्या चर्चमध्ये
शेवटच्या बाकामागे माझी जागा:
एक तिकाटणं, एक मोबाईल, मिक्सरची वायर,
आणि कूलरच्या घरघरीतून
माणसाचा आवाज वेगळा काढायचं माझं कसब.
दर रविवारी साडेआठपासून मी उपासना पाहतो
तळहाताएवढ्या काचेत.
कोपऱ्यात लाल ठिपका, शेजारी आकडा:
अकरा. नऊ. पुन्हा अकरा.
पापकबुलीला सगळ्यांचे डोळे मिटतात,
माझे उघडे.
कोणीतरी जागं राहायला हवं ना,
असं मी म्हणायचो, जरा ऐटीतच.

मे महिन्यातला पहिला रविवार, प्रभुभोजनाचा.
सकाळी दहालाच बाहेरचं डांबर मऊ.
लोक रांगेने जाऊन कठड्यापाशी गुडघे टेकत होते.
मी उठलो नाही. नेटवर्क अडकत होतं,
काचेवर ते चक्र नुसतं फिरत होतं,
आकडा नवावरून सहावर.
पाळक रणभिसे, सत्तरीचे, गुडघ्यात स्टील,
तबक घेऊन अख्खं चर्च ओलांडत
माझ्यापाशी आले. भाकरीचा तुकडा पुढे केला.
आणि मी, काचेवरून नजर न काढता,
एक बोट वर केलं.

एक मिनिट.

दारातल्या कुरिअरवाल्याला दाखवतो तसं.

ते उभे राहिले. रागावले नाहीत.
तबक त्यांच्या हातात थरथरत होतं,
पेल्यांची बारीक किणकिण
माझ्या हेडफोनमध्ये येऊ लागली,
मी बटण फिरवून ती बंद केली.

त्या रात्री रेकॉर्डिंग तपासत होतो.
चव्वेचाळिसाव्या मिनिटाला एक शांतता आहे.
कोणाला कळणार नाही तिथे काय होतं.
मला कळलं.
कोणाला थांबवलं होतं मी?

दुसऱ्या दिवशी गड्डीगोदामला गेलो,
रेल्वेपुलाजवळच्या गल्लीत, जेरुशाबाई पाटोळ्यांकडे.
निवृत्त मेट्रन. दोन वर्षं खाटेवर.
त्या सहातल्या एक.
चित्र नीट दिसतं का, विचारायचं होतं,
नसेल तर वर्गणी काढून चांगला कॅमेरा घेऊ.
त्यांचा फोन उशाशी,
जर्मनच्या गंजात, पालथा.
"गंजात ठेवला की आवाज मोठा येते, बापा."
आणि चित्र?
"काय पाहाचं हाय त्याच्यात?
डोये मिटूनच तं बसते मी."
मग जरा थांबून,
वॉर्डात ऐकू जाईल अशा त्या जुन्या आवाजात:
"काल पेल्यांचा आवाज आला न,
तं मी हात पुढे केले.
मंग मधातच गेला तो. काऊन?"

मी पन्ह्याचा पेला दोन्ही हातांनी धरून
बराच वेळ तळ पाहत बसलो.

तिकाटणं मी अजूनही लावतो. मोबाईलही.
पण लाल ठिपका लागला की
हेडफोन खिडकीत ठेवतो, खसच्या ताटीपाशी,
आणि तिसऱ्या बाकावर जाऊन बसतो,
आईच्या बाकावर. तिच्यामागे तिथे कोणी बसलं नव्हतं.
सोपं जात नाही.
हात खिशाकडे जातो आणि रिकामा परततो.
परवा शास्त्र वाचताना
अंगठ्याने पान वर ढकलत होतो,
कागद हलेना, तेव्हा लक्षात आलं.
डोळे मिटले तरी पापण्यांच्या आत
तो ठिपका थोडा वेळ जळतो.
कधी विझतो. कधी आमेन होईपर्यंत विझत नाही,
तेव्हा तोच घेऊन बसतो देवापुढे,
दुसरं काय आणणार.

कॅमेरा कलतो अधूनमधून.
एका रविवारी तासभर नुसता पंखा दिसला,
आणि खाली रणभिस्यांची टाळू.
गड्डीगोदामहून काही तक्रार आली नाही.

आज पुन्हा पहिला रविवार.
कठड्याशी गुडघे टेकतो.
उजवा हात डाव्यावर,
दहाही बोटं आडवी.
पाळक एकेकापाशी थांबत येतायत,
त्यांच्या गुडघ्याची कुरकुर आधी येते,
मग तबक,
मग पेल्यांची किणकिण,
आणि मागे, कोणी हात न लावलेला तो मिक्सर
ती जशीच्या तशी पुढे पाठवतो
एका गंजात.