सहा इंच

लिफ्टचे चार, टायरांचे दोन.
ट्रक सहा इंच वर गेला
आणि त्याच दुपारी मी सहा इंचांनी बुटकी झाले.
आता चढायला दुधाचा क्रेट लागतो,
निळा, एका कडेला चिरलेला.
बसल्यावर दोरीनं तो आत ओढून घेते,
होडीवाला नांगर घेतो तसा.

मार्सेलला क्रेट लागला नसता.
पण मार्सेलनं हे करूच दिलं नसतं.

गेल्या जूनमध्ये रूबीच्या त्या वाटेनं
ट्रकचं पोट फाडलं.
तीन मैल तेल ठिबकत खाली आलो,
तो काही बोलला नाही, फक्त बोटं पुसत राहिला.
डिसेंबरात तो गेला. वाट तशीच आहे.

शाबियेर, नणंदेचा मुलगा, एल्कोत गॅरेज आहे त्याचं,
चाकांच्या जागी नुसते खांब, त्यांच्यामधून म्हणाला,
"मामी, पस्तीसचे टायर घालतोय खरा,
पण वॅगन ओढायचीय ना अजून?"

ओढायचीय.
मेंढ्या वर जातात, त्यांच्यामागे मेंढपाळ,
आणि मेंढपाळामागे त्याचं घर:
गोल पत्र्याचं छप्पर, एक चूल, एक बिछाना,
आणि पेरूहून आलेला एदिल्बेर्तो,
जो दर रविवारी रेंज शोधत कडा चढतो
आणि आईला सांगतो, इथं सगळं सपाट आहे.

पहिल्यांदा जोडली तेव्हा वॅगन
नाक वर करून उभी राहिली,
मानपान चुकलेल्या विहिणीसारखी.
आत घेवड्याचा टोप चुलीवरून निघाला
आणि सरकत सरकत मागच्या दारापाशी आला.
एदिल्बेर्तोनं तो उचलला, झाकण शोधलं,
म्हणाला, "सेन्योरा, घर मागं बघतंय."

मग आला वाकडा हिच,
सहा इंच खाली उतरणारा लोखंडी हात.
शाबियेरनं वॅगनच्या उंबऱ्यावर लेव्हल ठेवली,
आम्ही तिघं वाकून बघत राहिलो
पिवळ्या नळीतला तो बुडबुडा
ठरवत होता कुठं थांबायचं.

तरी घाटात दम लागेच.
इंजिन वरच्या गिअरमध्ये टिकेना, खालच्यात ओरडे,
टेम्परेचरचा काटा चढत जाई.
"मोठं चाक म्हणजे लांब टांग," शाबियेर म्हणाला,
"लांब टांगेला ओझं जड."
दोन्ही अ‍ॅक्सलचे गिअर बदलले.
एकोणीस कोकरं गेली त्यात, मी हिशेब असाच करते.
आणि उतारावर ब्रेक आधीच दाबायला शिकले,
वळण दिसायच्या आधी,
कारण मागचं घर पुढच्याला ढकलतं.

एवढं झाल्यावर राहिला तो काटा.
तो त्रेपन्न म्हणतो तेव्हा आम्ही साठनं धावत असतो.
शंभर मैल कापले की ट्रक मोजतो अठ्ठ्याऐंशी.
वेल्सजवळ शेरीफच्या पोरानं थांबवलं,
मी त्याला टायर दाखवले,
त्यानं मला क्रेटवरून उतरताना पाहिलं आणि सोडून दिलं.

"लॅपटॉप लावतो मामी, दहा मिनिटांत खरं बोलायला लागेल."
सप्टेंबरात लाव, म्हटलं.
का, ते विचारलं नाही त्यानं. मलाही नीट सांगता आलं नसतं.
मार्सेल गेला तेव्हा आकडा होता
दोन लाख चौदा हजार तीनशे सहा.
त्यातला एकेक मैल खरा.
त्यानंतरचे माझे.
ट्रकला वाटतं, मी अजून फार लांब आलेली नाही.

आज वर पोचलो. पोट शाबूत.
एदिल्बेर्तोनं चाकांना दगड लावले,
धूर निघाला, टोप जागेवर आहे.
मी क्रेट खाली टाकला, तो घरंगळत वॅगनखाली गेला,
त्याला हाक मारावी की उडी मारावी
अशी दार उघडं धरून बसले.

सेजच्या झुडपांवरून पाणी दिसतं इथून,
एक लहानसं तळं.
सत्तावीस वर्षं याच जागी येतेय मी.
शेजारच्या सीटवरून
मार्सेलला ते दिसत असणार.