एक हजार एक

जुलैच्या एकतीस तारखेला, रात्री पावणेदहाला
मी संगणकाला "हो" म्हटलं.
दोन महिने मासेमारी बंद, हर्णैचं बंदर रिकामं, मीही रिकामी,
तेव्हा नाही सुचलं.
सकाळी होड्या सुटायच्या म्हटल्यावर सुचलं.

जुन्या वह्या तशाच ठेवून
बाकी सगळं त्यानं नवं मांडलं.
मध्येच नाव विचारलं, मी लिहिलं: कुंदा.
पहाटे पडद्यावर निळं चित्र, घड्याळ बरोबर.
डिझेलची वही उघडायला गेले:
परवानगी नाकारली.

बर्फाची वही: परवानगी नाकारली.
थकबाकीची, जी पाच वर्षं मीच भरली
(दाऊदभाईंच्या नावानं आत जाऊन):
परवानगी नाकारली.
पावतीचा प्रिंटर तर बोललाच नाही.

बाहेर गाड्यांचे बैल गुडघाभर पाण्यात उभे.
"काय गो कुंदे, बरफ मिलनार का नाय?"
मिळेल, म्हटलं,
आणि पडद्याकडे बघितलं,
त्यानंही ऐकलं असेल अशा आशेनं.

मोबाइलच्या दुकानातला तौसीफ आला, माझ्या खुर्चीत बसला.
सोपंय, म्हणाला, तीनदा सात मारू,
सगळ्यांना सगळं उघडं.
मी त्याचा हात धरला.
कोल्ड रूमचं दार सताड टाकून
मांजरांना सांगायचं का, बाळांनो, मोजून खा?
तो रागावला नाही.
म्हणाला, मग ज्यांनी बसवलं त्यांनाच विचारा.

कुवेतमध्ये तेव्हा पहाटेचे चार.
दाऊदभाई सारंग नमाज पढून बसले होते.
"फाइलींची लांब यादी काढ. मालकाच्या जागी काय दिसतंय?"
नाव नाही, भाई. आकडा आहे.
एक हजार.
तिकडे पंख्याचा आवाज नुसता.
मग हसले. "तो मी."

म्हणाले, होडीवर नाव आपण रंगवतो,
एकवीरा काय, अल मदिना काय,
होडी विकली की खरवडून दुसरं.
गस्तवाला वाचतो तो नंबर.
मशीनही गस्तवाल्याच्याच जातीचं.
"तू किती आहेस बघ."
बघितलं. एक हजार एक.

आहेराच्या पाकिटातला वरचा रुपया असतो ना,
गोल रक्कम अडून बसू नये म्हणून घातलेला,
तो मी.

पासवर्ड टाकला. टाकताना काही दिसत नाही,
टिंबसुद्धा नाही,
अंधारात जाळ्याची गाठ मारावी तसा.
मग मालकी बदलायची ओळ, भाई सांगतील तशी,
अक्षर न् अक्षर, मधली जागासुद्धा.
आणि बोट थांबलं.
भाई, नऊ वर्षांचं सगळं आहे. तुमचं नाव जाईल त्यावरून.
"नाव होतं कुठं गो? आकडा होता. दाब."

दाबलं.
काही बोललं नाही ते.
काम झालं की गप्प बसतं,
आमच्या सोसायटीच्या संचालकांच्या अगदी उलट.
डिझेलची वही उघडली. थकबाकी उघडली,
दुर्दैवानं आकडे तेच होते.

प्रिंटर राहिला.
"त्याच्या गटात तुझं नाव नाही. घाल,
मग बाहेर पड नि पुन्हा आत ये, त्याशिवाय लागू होत नाही."
गटात नाव नाही तर बर्फ नाही,
हे मी या खिडकीतून किती जणांना सांगितलंय,
मान वर न करता.

संगणक बंद करून मी खरंच बाहेर गेले.
सुवर्णदुर्गाच्या मागून होड्या पुढं सरकत होत्या,
कुणीतरी इंजिन तापवत होतं, धूर सगळा किनाऱ्याकडे.
तौसीफ पाण्यात पाय घालून उभा.
पुन्हा आत आले.

पहिली पावती: दोरकुळकर, लाद्या चाळीस.
शाई फिकी, पण वाचता येत होती.

दुपारी लक्षात आलं, एक फोल्डर त्या ओळीबाहेर राहिलंय.
"भरती ओहोटी", दाऊदभाईंनी रोज लिहिलेल्या वेळा,
मालक: एक हजार.
वाचता येतं. खोडता येत नाही.
तेवढ्यात खिडकीवर कुणीतरी नाणं वाजवलं,
आणि मी विचारलं,
सभासद आहात का?
या वेळी मान वर करून.