दांड्यावर पी नव्हता

विकणारा म्हणाला, ऑटोमॅटिक है मॅडम, और क्या चाहिए.
देवास नाक्याच्या त्या आवारात चाळीसेक गाड्या,
काचांवर खडूने लिहिलेल्या किमती,
आणि ही एक लहानशी, कांद्याच्या सालीच्या रंगाची.
मागच्या सीटवर कुणाच्या तरी पोराने
नखाने खरवडलेला सूर्य.
पुस्तिका हरवली, म्हणाला.
डिकीवरची अक्षरंही कुणी सोलून काढली होती,
नुसता गोंदाचा डाग उरलेला.

डावा गुडघा बदलून मला सात महिने झाले.
डॉक्टर खांडेपारकर म्हणाले, चालवा खुशाल, पण क्लच नको.
म्हणून आले. सोबत इद्रीस मिस्त्री,
ज्याने आमची जुनी गाडी एकोणीस वर्षं जगवली
आणि ती विकताना माझ्याहून जास्त गप्प राहिला.

"ऑटोमॅटिक म्हणजे काय एकच जात असते, भिया?"
(बाईमाणसालाही तो भियाच म्हणतो.)
"एक तेलात पोहते. एक पट्ट्यावर पळते.
आणि एक आतून तीच जुनी गियरवाली,
फक्त पाय दुसऱ्याचा."

बॉनेट त्याने उघडलंच नाही. आधी दांडा पाहिला.
आर, एन, डी. बाजूला अधिक आणि उणे.
पी कुठेच नव्हता.
"हिला स्वतःहून उभं राहता येत नाही," तो म्हणाला,
आणि मला चालवायला बसवलं.

बायपासच्या पुलाचा चढ.
मध्येच थांबायला लावलं. ब्रेक सोडला
तशी ती वीतभर मागे सरकली,
उंबऱ्यापाशी येऊन
आत यावं की नाही ठरत नसलेल्या पाहुणीसारखी.
इद्रीसने एक बोट दुमडलं.

मग सपाट रस्ता.
वेग घेतला तिने, घेतला, आणि सोडला
क्षणभर,
आमच्या दोघांच्या माना पुढे, मग मागे,
जणू कुणी काही विचारलं आणि आम्ही हो म्हणालो.
परत. हो.
परत. हो.

पट्ट्याची असती तर आवाज एकाच सुरात
ताणत नेला असता तिने, गाडी मागून आली असती.
तेलाची असती तर कळलंही नसतं कधी बदलला.
"मॅन्युअलच आहे," इद्रीस म्हणाला,
"आत एक छोटू बसलाय. तुमच्या वाटचा क्लच दाबतो."

खाली पाहिलं तर माझा डावा पाय
रिकाम्या चटईवर दाबत होता.
दर होकाराला एकदा.

पुण्याची जाऊ विचारते दर दिवाळीला,
वहिनी, तुमचं मराठी नक्की कुठलं हो?
मी म्हणते "येऊन राहिले", ती हसते.
मला सांगता यायचं नाही.
घरात एक, सराफ्यात एक, बँकेच्या खिडकीमागे बत्तीस वर्षं तिसरंच,
आणि एकातून दुसऱ्यात जाताना
जिथे एक दाता सुटलेला असतो
आणि पुढचा अजून लागलेला नसतो
तिथे माझीही मान जरा पुढे जाते.
लोकांना वाटतं, शब्द विसरली.

आवारात परतलो तर विकणाऱ्याने चहा मागवलेला.
इद्रीसने कप हातात घेतला, प्यायला नाही.
"पैसे तेलाचे मागतोस," तो म्हणाला,
"आणि देतोयस छोटू."
अठ्ठावीस हजार कमी झाले.

घरी, रामबागेच्या गल्लीत, गाडी लावली.
हँडब्रेक ओढला.
उतरले, दार लावलं,
परत उघडलं,
अजून एकदा ओढला.