सर्वनामाचं अंतर

अप्पा बळवंत चौकात, झेरॉक्सच्या दुकानावर
आमचा जर्मनचा वर्ग भरतो.
खाली गाइडं, प्रश्नसंच, दुहेरी लावलेल्या स्कूटर;
वर एक पंखा, सतरा खुर्च्या
आणि फळ्यावर मी लिहिलेलं:
दास मेडशेन. मुलगी. नपुंसकलिंग.

दरवर्षी वर्ग इथेच हसतो.
मॅडम, मुलगी 'ते' कशी?
मीही दरवर्षीचंच सांगते:
मूळ शब्द माग्ड, म्हणजे कुमारी, पुढे मोलकरीण.
ती स्त्रीलिंगीच होती.
मग तिला शेपूट लावलं 'शेन', इवलीशी केली.
इवलं केलं की लिंग गळतं.
आपलं पोरगं नाही का, कोकरू नाही का.

यंदा अनसूया तांडेल हसली नाही.
रास्ता पेठेतली रात्रपाळी डोळ्यांत तशीच ठेवून म्हणाली,
आमच्या देवबागला चेडू 'ता'च असतं.
चेडू खंय गेला, असंच विचारतात.
यात हसायचं काय?

खाली कुणीतरी दहावीचा भूगोल मागत होतं.
तेवढंच ऐकू आलं.

माझी लेक गॉलवेला असते.
रात्री फोनवर म्हणाली, कालीन.
मला वाटलं गालिचा घेतला, विचारलं, केवढ्याला?
अगं आई, मुलगी! आयरिशमध्ये.
'काले'ला 'ईन' जोडायचं, तेही इवलंसंच शेपूट,
पण शब्द पुल्लिंगी.
पुल्लिंगी?
हो. आणि सर्वनाम लावताना मात्र सगळे 'ती'च म्हणतात.
व्याकरण एका काठाला, माणसं दुसऱ्या.
पुण्यात मार्क कापतील, मी म्हटलं.

परीक्षेआधीचा तास.
नियम 'ते'चा खरा, मी सांगत होते,
पण वाक्य लांबलं,
मुलगी दोन स्वल्पविराम मागे राहिली,
तर पुढे तिला 'ती' म्हटलेलं चालतं.
अंतर पडलं की चालतं.
एवढं बोलून
मी उगाचच फळा पुसला. त्यावर काही नव्हतं.

मार्चमध्ये अनसूया ब्रेमेनला गेली.
परवा तिचा आवाज आला मोबाइलवर, मागे वॉर्डातल्या ट्रॉलीची चाकं:
मॅडम, सात नंबरची आजी शेजारणीला सांगत होती,
ते मेडशेन आहे ना, नवीन,
सुई टोचते पण कळत नाही, ती.
एकाच वाक्यात, मॅडम! 'ते' आणि 'ती'!
आईला फोन करून सगळं समजावलं, लिंग, शेपूट, अंतर.

मग?

मग काय.
म्हणाली, ता सगळा बरा.
चेडू जेवला काय?