विसण

एकोणपन्नास.
बोअरच्या तोंडाशी तापमापी धरून
मी आकडा तीनदा वाचला.
चंद्रभागाबाईंनी नुसतं कोपर बुडवलं.
म्हणाल्या, बाळाला घालायचं तर विसण लागेल.

बिल्डरने हे भोक गोड्या पाण्यासाठी पाडलं होतं मनोरीत.
निघालं खारं आणि गरम,
दोन्हीकडून नालायक. झाकण लावून तो गेला.
खड्ड्याचे पैसे, म्हणजे,
आधीच कुणाचे तरी खड्ड्यात गेले होते.
माझ्या अहवालातली ही पहिली जमेची बाजू.

फोर्टातल्या बँकेत खोर्शेदबाई बाटलीवाला.
वीज किती?
शून्य.
त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.
मी म्हटलं, वीज नाही, नुसती ऊब आहे.
पुरावा म्हणून थर्मास उघडला.
तर खाडी ओलांडून, दोन रिक्षा आणि एक टॅक्सी करून
पाणी कोमट झालेलं.
जिथलं तिथेच वापरा मला, एवढंच ते सांगत होतं.

मग मी ऊब विकत घेणारे शोधत हिंडलो.
आठशे मीटरच्या आत.
त्यापुढे नळ उबेहून महाग पडतो.
सापडलं
नऊ खाटांचं प्रसूतिगृह, त्याच्या चादरी,
फिलोमिनाच्या मसाल्याच्या मिरच्या,
आणि बोंबील.
ऑगस्टात होड्या सुटतात, ऊन सुटत नाही.
वलांड्या रिकाम्या. मासा सडतो, खताच्या भावाने जातो.

खारं पाणी लोखंड खातं,
म्हणून मधे टायटॅनियमच्या पत्र्यांचा संच:
इथे माझा पेन दोन दिवस अडकला.
कर्जफेड साडेअकरा वर्षं.
खोर्शेदबाईंची मर्यादा पाच.
चादरी धरून नऊ. मिरच्या धरून आठ आणि वर थोडं.
मी फाईल मिटली.

चंद्रभागाबाई जाळं शिवत होत्या.
मान वर न करता विचारलं,
हे रात्री बंद होतं काय?

नाही.

मग तू आठच तास का मांडलेस?

मी कागद पाहिला.
खरंच. वाळवण म्हटलं की माझ्या डोक्यात ऊन,
आणि ऊन संध्याकाळी घरी जातं.
जमिनीखालचं हे, बिनझोपेचं,
त्याला मी सूर्याची हजेरी लावली होती.
तोच संच, तेच पत्रे, तोच पंप,
तास मात्र बावीस.
(दोन तास पंपाला. तोही म्हातारा होणार.)
बायकांनी पाळ्या लावून घेतल्या
माझं गणित सुटायच्या आधीच.

चार वर्षं, आठ महिने.

काल खोर्शेदबाई स्वतः आल्या, तरीतून,
साडीचा काठ भिजवत.
सही केलेली नाही. आधी बघते म्हणाल्या.
हात घातला आणि झटकन काढला,
बोटं लाल.
कागदावर एकोणपन्नास किती थंड दिसत होतं, हो!

चंद्रभागाबाई काही बोलल्या नाहीत.
आत गेल्या
आणि गार पाण्याचा तांब्या घेऊन आल्या.